पांढऱ्या पडद्यासमोर नाखरेमास्तर

चैत्रातल्या दुपारी चारच्या सुमारास आमच्या गल्लीत तिरपं ऊन उतरायचं आणि त्या उन्हात, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीच्या कठड्यावर, दहा बोटं अखंड हलताना दिसायची. माणूस दिसत नसे. वाळत घातलेल्या चादरींनी त्याला झाकून टाकलेलं असे. दिसत ती फक्त बोटं, वाळक्या शेंगांसारखी लांब आणि कृश, आणि इतकी अस्वस्थ की त्यांना कुठेतरी वेळेवर पोचायचं आहे असं वाटावं. खालून कुणी गेलं की त्यांची गती बदले. सायकलवाला गेला की ती धावत, पिशवी सावरत एखादी म्हातारी चालली की जड होत, आणि रस्ता क्षणभर मोकळा पडला की कठड्यावर उताणी पडून, नुसती चुळबुळत, पुढच्या माणसाची वाट पाहत.

डोंबिवलीत मी नव्यानं राहायला आले तेव्हा नाखरेमास्तरांची पहिली ओळख ही अशी, केवळ बोटांशी झाली. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती ती. गावाच्या कडेची भातखाचरं एकेक करून नाहीशी होत होती. आज जिथं बगळे उतरले तिथं पुढच्या महिन्यात खडीचा ढीग पडे, आणि सिमेंटच्या धुळीनं पिंपळाची कोवळी पानंसुद्धा करडी होऊन जात. सगळं शहर कशाच्या तरी मागे पळत सुटलं होतं, आणि पळणाऱ्या प्रत्येकाला साथ देण्याचं काम आपल्यावर सोपवलं आहे अशा समजुतीनं हा सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस दिवसभर गॅलरीत बसून असे. बसून असे म्हणणंही खरं नव्हे. जेवणाच्या पाटावरून ते तीनदा उठत, वर्तमानपत्र अर्धवट टाकून जिना उतरत, अर्ध्या वाटेवरून परत चढत. झोपेतही त्यांच्या पायाचा अंगठा ताल धरतो, असं त्यांच्या सूनबाई, निर्मलावहिनी, हसून सांगत.

मी ठाण्यातल्या एका शाळेत गणित शिकवत होते आणि सवड मिळेल तेव्हा व्हायोलिन वाजवत होते. खालच्या मजल्यावरचे माझे सूर ऐकून मास्तर एके दिवशी थेट दारात उभे राहिले. “सुलभाबाई, तुमचा गज फार सभ्य आहे,” ते म्हणाले. “जरा भांडायला शिकवा त्याला.” एवढं बोलून ते वर निघून गेले. दुसऱ्या दिवशी मीच त्यांच्या गॅलरीत गेले आणि विचारलं, कठड्यावर आपण नक्की काय वाजवता? त्यांनी हनुवटीनं खालच्या रस्त्याकडे खूण केली. निळ्या साडीतली एक बाई तरातरा चालली होती. “ती बघा. घरी भांडून निघाली आहे. परत जायचं तिनं ठरवलंय, पण तिला स्वतःला अजून ते ठाऊक नाही. तिला मारवा द्यायला हवा.” अर्ध्या तासानं ती बाई खरोखरच परतली, हातात कोथिंबिरीची जुडी होती.

हे वेड त्यांना कुठून जडलं, ते मग हळूहळू उलगडत गेलं. सिनेमाला वाचा फुटण्यापूर्वी, म्हणजे पडद्यावरची माणसं ओठ हलवत आणि आवाज मात्र कुणाचाच येत नसे त्या काळात, मास्तर कल्याणच्या एका तंबू थिएटरात नोकरीला होते. पडद्याच्या पायथ्याशी एक उथळ खड्डा खणलेला असे. त्यात तबला, व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि पेटी घेऊन चार माणसं बसत, आणि त्या चौघांच्या पुढ्यात विशीतले नाखरे, प्रेक्षकांकडे पाठ आणि पडद्याकडे डोळे करून, हातांच्या इशाऱ्यांनी संगीत उभं करत. पडद्यावर वीज चमकली की त्यांचा उजवा हात कडाडे. नायिकेच्या पापणीवर पाणी आलं की डाव्या हाताच्या करंगळीनं ते व्हायोलिनकडून अलगद टिपलं जाई. “लोकांनी माझा चेहरा कधी पाहिलाच नाही,” ते सांगत. “त्यांना माझी पाठ पाठ होती.” ही कोटी त्यांची लाडकी होती, आणि ती केल्यावर प्रत्येक वेळी ते खिडकीकडे तोंड फिरवत.

मग बोलपट आला आणि तो खड्डा बुजला. मास्तर स्टुडिओत गेले, चालींना नाव मिळालं, चित्रणाच्या वेळी झुडपांच्या आणि खोट्या खांबांच्या आड वादक लपवून त्यांनी कित्येक गाणी वाजवून घेतली. ती दहा-बारा वर्षं त्यांच्या आयुष्यातला भर माध्यान्ह होती. पुढे स्टुडिओच्या गोदामाला आग लागली आणि त्या सगळ्या चित्रपटांची रिळं एका दुपारीत जळून गेली. स्टुडिओ बुडाला. नव्या जमान्याला नव्या चाली हव्या होत्या, आणि मास्तरांना तडजोड हा राग येत नव्हता. शिकवण्या झाल्या, शाळेतल्या प्रार्थना झाल्या, आणि शेवटी लग्नाच्या वरातीत वाजवणाऱ्या बँडमध्ये लाल कोट घालून ते उभे राहिले.

तो लाल कोट त्यांच्या घरात अजून टांगलेला होता, कुणाला न दिसणाऱ्या खुंटीवर. त्यांचा मुलगा अरविंद तेव्हा कॉलेजात होता. मित्राच्या भावाच्या वरातीत तो पाहुणा म्हणून चालत होता, आणि नवरदेवाच्या घोड्यापुढे, कपाळावरचा घाम पुसायलाही हात मोकळे नसलेला आपला बाप त्यानं पाहिला. बापानंही त्याला पाहिलं. अरविंद वरातीतून बाजूला झाला आणि एकटा घरी आला. “त्या दिवसापासून या घरात गाण्याचा विषय नाही,” निर्मलावहिनी मला एकदा भाजी निवडताना म्हणाल्या. “मामंजींची एकही चाल ह्यांनी ऐकलेली नाही. ऐकायला उरलीय तरी कुठे म्हणा.” अरविंद आता अंबरनाथच्या एका कारखान्यात इंजिनियर होते, बापाच्या औषधांच्या वेळा सांभाळत, त्यांच्या चष्म्याचा नंबर लक्षात ठेवत. सगळं निगुतीनं करत. फक्त गॅलरीतल्या त्या बोटांकडे पाहणं टाळत.

अशा या घरात एके संध्याकाळी शिरीष आला. तो बँकेत कारकून होता आणि गावातल्या हौशी चित्रपट मंडळाचा कार्यवाह. कल्याणच्या एका बंद थिएटरच्या माळ्यावर त्याला एका मूकपटाचं रीळ सापडलं होतं. पहिली पाटी झडून गेली होती, त्यामुळे नाव कळत नव्हतं. पण खाडीकाठची एक बाई, गलबतावर गेलेला तिचा नवरा आणि धक्क्यावरची तिची वाट पाहणं, एवढं, रीळ उजेडासमोर धरून पाहिलेलं, त्यानं सांगितलं आणि मास्तर उभे राहिले. “शेवटी ती दोन ताटं वाढते?” शिरीषनं मान डोलावली. “आणि एक उचलते,” तो म्हणाला. मास्तर पुन्हा खाली बसले. सबंध वर्षात मी पाहिलेला तो एकच क्षण, जेव्हा त्यांची दहाही बोटं निश्चल होती.

ती त्यांची पहिली पूर्ण रचना होती. एरवी खड्ड्यातली माणसं ठरीव तुकडे जोडून वेळ मारून नेत. या चित्रपटासाठी मात्र विशीतल्या नाखऱ्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत नवं संगीत लिहिलं होतं. वही केव्हाच हरवली होती, पण वहीची त्यांना गरज नव्हती. शिरीषची कल्पना अशी की रिळाची नवी प्रत काढायची, गावातल्या एका शाळेच्या सभागृहात रविवारी सकाळी ती दाखवायची, आणि पडद्यासमोर बसून मास्तरांनी ते संगीत पुन्हा प्रत्यक्ष वाजवून घ्यायचं. प्रत आदल्या दिवशी संध्याकाळी हातात येणार होती, म्हणजे चित्राबरोबर तालमीला वाव नव्हता. “चित्र मला पाठ आहे,” मास्तर म्हणाले, आणि विषय संपला.

मग वादकांचा शोध सुरू झाला. व्हायोलिनला मी होतेच. क्लॅरिनेटला कल्याणचे हुसेनभाई आले. मास्तर ज्या बँडमध्ये होते त्याच बँडमध्ये ते विशीत लागले होते आणि आता स्वतःचा बँड चालवत होते. तालाला ठाण्याजवळच्या बाळकुमचे जोमाभाऊ पाटील. मिठागरात आयुष्य काढलेल्या या आगरी माणसाचा पखवाज मास्तरांनी कधीकाळी माजिवड्याच्या एका भजनात ऐकला होता आणि तेव्हापासून, पायांना भिंगरी लागली की ते बस पकडून बाळकुमला जात, जोमाभाऊंच्या ओट्यावर बसत, आणि वाजवून घेऊन परत येत. पेटी मास्तर स्वतः धरणार नव्हते; त्यांना दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून या वेळी पेटी वगळली.

महिनाभर दर रविवारी आम्ही माझ्या बाहेरच्या खोलीत जमलो. मास्तर डोळे मिटून उभे राहत आणि चित्रपट त्यांच्या पापण्यांच्या आत सुरू होई. “आता ती दार उघडते. आता उंबऱ्यावर थांबते. हुसेन, श्वास धर. अजून धर. तिला पाणी दिसलेलं नाही अजून.” चित्रपट बघण्याआधीच तो मला अशा रीतीनं दिसला, आणि इतका सावकाश दिसला की त्या बाईच्या पदराला किती दुमडी पडतात हेही सांगता यावं. ज्या माणसाला घटकाभर एका जागी बसवत नसे, त्यानं लिहिलेलं हे संगीत विलक्षण संथ होतं. भरतीच्या आधी खाडीचं पाणी जसं हलतं की नाही असा संभ्रम पडावा, तसं. शेवटच्या प्रसंगाला, जिथं बुडालेल्या गलबताची बातमी ऐकून ती घरी येते, अंगण झाडते, चूल पेटवते आणि सवयीनं दोन ताटं वाढते, तिथं तर जोमाभाऊंना दोन थापांमध्ये इतकं थांबावं लागे की ते घामाघूम होत. “मास्तर, धावाचा सोपा हाय,” ते म्हणाले. “ह्यो थांबाचा लय कठीन.” मास्तर खूश होऊन हसले. बाहेर जिन्यात अरविंद एकदोनदा उभे असल्याचं मला जाणवलं. दार उघडेपर्यंत त्यांची पावलं वर निघून गेलेली असत.

तो रविवार उजाडला. सभागृहाच्या खिडक्यांना काळं कापड लावलं होतं, तरी फटींतून सकाळच्या उन्हाच्या सुया आत येत होत्या. तीनशे खुर्च्या भरल्या. निर्मलावहिनी पुढे बसल्या होत्या; अरविंद अगदी मागे, दाराशेजारच्या भिंतीला टेकून उभे, केव्हाही निघता यावं असे. मास्तर पांढऱ्या सदऱ्यात आले, लोकांकडे एकदा वळून नमस्कार केला आणि पाठ फिरवली. दिवे गेले. यंत्राची घरघर सुरू झाली आणि पडद्यावर ती बाई आली.

ती पळत आली.

मला आधी काही कळलंच नाही. धक्क्यावरची माणसं तुरुतुरु चालत होती, गलबताचं शीड फडाफडा वर चढलं, तिनं दार उघडलं आणि उंबऱ्यावर थांबण्याऐवजी ठेच लागल्यासारखी बाहेर आली. मूकपटाच्या काळी कॅमेरा हातानं फिरवत, सावकाश. आणि शाळेतलं हे यंत्र होतं बोलपटाचं, त्याला एकच वेग ठाऊक होता, दीडपट. हे शिरीषला सुचलं नव्हतं, आम्हाला माहीत नव्हतं, आणि मास्तरांच्या काळात दुसरा वेगच नव्हता. क्षणभर त्यांचे हात हवेतच राहिले. मग त्यांनी आम्हाला दौडवायला सुरुवात केली. हुसेनभाईंचा श्वास तुटू लागला, माझा गज तारांवरून घसरू लागला, आणि तरीही ती बाई आमच्या पुढेच होती. आम्ही उंबऱ्यावर पोचावं तोवर तिनं अंगण ओलांडलेलं असे. मागे कुणीतरी हसलं. मग आणखी कुणी. पुढच्या रांगांतली पोरं खिदळू लागली, आणि तिला नवऱ्याच्या मृत्यूची बातमी कळली, तिनं कपाळावर झटक्यात हात मारला, तेव्हा अख्खं सभागृह खळखळून हसलं.

मास्तरांची पाठ मी जवळून पाहत होते. ते हसणं त्या पाठीवर आदळताना मला दिसलं. त्यांनी दोन्ही हात खाली घेतले. आता ते थांबणार, असं वाटून मीही गज उचलला. पण त्यांनी डोळे मिटले, मान किंचित वर केली, आणि पडद्यावरच्या त्या धावपळीला तिच्या वाटेनं जाऊ देऊन आम्हाला मागे, खूप मागे, त्या पहिल्या उंबऱ्यावर नेऊन उभं केलं. “आता ती दार उघडते,” ते पुटपुटले. आणि आम्ही आमच्या लयीत निघालो.

चित्र आमच्या कितीतरी पुढे निघून गेलं. तिनं अंगण झाडलं, चूल पेटवली, दोन ताटं मांडली, एक उचललं, आणि रीळ संपलं. पडदा पांढरा झाला. आमची बाई अजून धक्क्यावरच उभी होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, खुर्च्या सरकल्या, कुणी चपला शोधू लागलं. मास्तरांचे हात चालूच होते. काय करावं हे न समजून ऑपरेटर दिव्याच्या बटणाकडे निघाला, आणि तेवढ्यात मागच्या भिंतीपासून एक आवाज आला, फार मोठा नव्हे, पण स्पष्ट.

“दिवे लावू नका. संपलेलं नाही अजून.”

अरविंद होते ते. ते भिंतीपासून सुटून मधल्या वाटेनं पुढे आले होते. “ज्यांना जायचंय त्यांनी जा,” ते म्हणाले, “पण दिवे नकोत.” बरेच लोक गेले. जे उरले ते बसले. यंत्रातून नुसता उजेड पडत होता, आणि त्या कोऱ्या उजेडासमोर एक म्हातारी पाठ आणि दोन हात, आणि त्या हातांतून ती बाई आता खरोखर चालू लागली. तिनं अंगण झाडलं. खराट्याचा एकेक फटकारा जोमाभाऊंच्या बोटांखालून आला. तिनं चूल पेटवली. हुसेनभाईंच्या खालच्या सुरात धूर भरला. पहिलं ताट. दुसरं ताट. मग मास्तरांनी डाव्या हाताचा तळवा असा धरला की आम्ही तिघंही थांबलो, आणि त्या स्तब्धतेत पडदा पांढराशुभ्र असूनही मला ते ताट दिसलं, त्यावरच्या भाताच्या वाफेसकट. किती वेळ गेला कुणास ठाऊक. त्यांनी तळवा मिटला, मी एक सूर लावला, आणि त्या सुरावर ते ताट उचललं गेलं.

टाळ्या झाल्या नाहीत. कुणीतरी खिडकीचं काळं कापड ओढलं आणि अकरा वाजताचं साधं ऊन आत आलं.

घरी आम्ही चालतच निघालो. मास्तर मध्ये, एका बाजूला अरविंद, दुसरीकडे मी. निर्मलावहिनी दोन पावलं मागे. रस्त्यावर नेहमीची वर्दळ होती, आणि मास्तर कुणालाही साथ देत नव्हते. मग अरविंद म्हणाले, “अण्णा, ताट उचलायला तिला एवढा वेळ लागतो?”

“लागतो,” मास्तर म्हणाले. “उचलवत नाही ना.”

अरविंदनी मान हलवली. पुढे चौकात आल्यावर त्यांनी वडिलांचा दंड धरला, रस्ता ओलांडून झाल्यावरही सोडला नाही, आणि खाली बघत म्हणाले, “त्या वरातीतनं मी निघून आलो होतो.”

“मला दिसलं होतं.”

“तुम्ही कधी काही बोलला नाहीत.”

“मी वाजवत होतो रे,” मास्तर म्हणाले. “मध्येच कसा थांबणार?”

त्यानंतर मास्तर पाचएक वर्षं होते. शांत झाले, असं सांगता आलं तर गोष्टीला बरं दिसेल. पण तसं काही झालं नाही. ते पाटावरून तीनदा उठतच राहिले, बाळकुमला जातच राहिले, आणि नव्वद सालाच्या सुमारास तिथं मिठागरांच्या बाजूनं उंच इमारतींचे पाये खोदले जाऊ लागले तेव्हा त्या यंत्रांच्या ठोक्यांत ताल नाही म्हणून जोमाभाऊंपाशी चडफडतही राहिले. फरक एवढाच पडला की संध्याकाळी कारखान्यातून आल्यावर अरविंद चहाचा कप घेऊन गॅलरीत त्यांच्याशेजारी बसू लागले आणि मधूनच रस्त्याकडे बोट दाखवून विचारू लागले, “अण्णा, ह्याला काय द्याल?” एका माघातल्या पहाटे, कोवळं ऊन यायच्या आधी, मास्तर गेले.

त्या सकाळचं खरं असं काहीच उरलेलं नाही. शिरीषनं आणलेला टेपरेकॉर्डर रीळ संपून टाळ्या झाल्या तेव्हा बंद केला गेला होता, त्यामुळे हसणं नोंदलं गेलं आणि पुढचं नाही. जोमाभाऊही आता नाहीत. मागे एकदा कल्याणला हुसेनभाईंच्या दुकानात गेले असताना ताट उचलण्याच्या त्या सुराची गोष्ट निघाली. तो कोमल निषाद होता, ते ठामपणे म्हणाले. माझ्या मते तो धैवत होता, आणि वाजवला तर मीच होता. आम्ही दोघांनी आपापला सूर गुणगुणून पाहिला, आणि दोन्ही खरे वाटले. गेलेला माणूस आठवणीत जसाच्या तसा राहत नाही. काळ त्याला आपल्या प्रत्येकात वेगळ्या पट्टीत लावून ठेवतो, आणि त्या दोन पट्ट्यांच्या मधलं जे अंतर कुणालाच भरून काढता येत नाही, तेवढंच त्याचं नसणं असतं.